स्तनाच्या कर्करोगाचा आयएचसी रिपोर्ट: ईआर, पीआर, हर-२ आणि केआय-६७ कोणत्या क्रमाने वाचावे

स्तनातील गाठीची बायोप्सी झाली की थोड्या दिवसांच्या अंतराने रुग्णाच्या फाइलमध्ये दोन कागद जमा होतात. गाठ कर्करोगाची आहे का आणि असल्यास कोणत्या प्रकारची, हे पहिला कागद सांगतो. दुसरा कागद आयएचसीचा, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा असतो. त्यावर ईआर, पीआर, हर-२ आणि केआय-६७ ही चार नावे आणि त्यांच्यापुढे काही आकडे असतात. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही, केमोथेरपी लागेल का, शस्त्रक्रिया आधी करावी की औषधे, हे निर्णय बव्हंशी या दुसऱ्या कागदावर अवलंबून असतात.

तो घरी उघडणाऱ्याची नजर बहुतेक वेळा केआय-६७ च्या टक्केवारीवर खिळते, कारण चारांपैकी तोच आकडा रोगाचा वेग सांगत असावा असे वाटते. ४० टक्के वाचून घरातले हवालदिल होतात आणि ५ टक्के वाचून निर्धास्त होतात. या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. या चार आकड्यांपैकी सर्वांत कमी भरवशाचा आकडा केआय-६७ हाच आहे, आणि तो सर्वांत शेवटी, बाकीच्यांशी ताडून वाचायचा असतो. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि या क्षेत्रात नुकतेच पाऊल टाकणारे विद्यार्थी अशा सर्वांना त्यांचा उपयोग व्हावा हा हेतू आहे. उपचार कर्करोगतज्ज्ञच ठरवतील; मात्र त्यांच्यासमोर बसल्यावर नेमके काय विचारावे, हे ठाऊक असलेले बरे.

पहिली पायरी: नमुना कसा घेतला आणि कसा जपला

रिपोर्टच्या वरच्या भागातील बारीक अक्षरांतला मजकूर सहसा कोणी वाचत नाही. तिथूनच सुरुवात करावी. बारीक सुईने पेशी ओढून केलेली एफएनएसी तपासणी गाठीचा अंदाज देते, परंतु चारही मार्कर विश्वासाने पाहायचे असतील तर जाड सुईने ऊतीचे तुकडे काढलेली कोअर बायोप्सी, जिला आपल्याकडे ट्रूकट असेही म्हणतात, ती हवी. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी देण्याचा विचार असेल तर चारही तपासण्या केमोथेरपीचा पहिला डोस देण्याआधीच, बायोप्सीच्या तुकड्यांवर पूर्ण झाल्या पाहिजेत. औषधांना उत्तम प्रतिसाद मिळाला तर गाठ पूर्णपणे नाहीशी होऊ शकते. मग तपासायला काहीच उरत नाही आणि पुढच्या कित्येक वर्षांचे उपचार अंदाजाने ठरवण्याची वेळ येते.

त्यानंतर फॉर्मॅलिनची नोंद पाहावी. शरीरातून काढलेली ऊती एका तासाच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहावी, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा दंडक आहे. बायोप्सीच्या बारीक तुकड्यांबाबत तो सहज पाळता येतो. अडचण येते ती संपूर्ण स्तन किंवा मोठी गाठ काढली जाते तेव्हा. फॉर्मॅलिन ऊतीत अत्यंत हळू, साधारणपणे तासाला एक मिलिमीटर या गतीने शिरते, त्यामुळे न कापता बरणीत ठेवलेल्या गाठीच्या मध्यभागी ते पोहोचेपर्यंत तेथील प्रथिने विघटित होऊ लागलेली असतात. विघटित झालेले रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक पकडणारी प्रथिने, रंग घेत नाहीत आणि मुळात पॉझिटिव्ह असलेली गाठ कागदावर निगेटिव्ह दिसू शकते.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत शस्त्रक्रिया एका ठिकाणी होते, नमुन्याची बरणी मात्र नातेवाइकांनाच दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये पोहोचवावी लागते. अशा कुटुंबांनी काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. बरणीत सलाइन किंवा स्पिरिट नसून फॉर्मॅलिन असावे आणि ते गाठीच्या आकारमानाच्या कितीतरी पट, शक्यतो दहापट असावे. गाठीला शस्त्रक्रियागृहातच चिरा दिल्या आहेत का, हे सर्जनना विचारावे. ऊती शरीरातून केव्हा काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये केव्हा टाकली, या दोन्ही वेळा तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. शनिवारी झालेल्या शस्त्रक्रियेची बरणी सोमवारपर्यंत घरी ठेवू नये. बायोप्सीच्या वेळीच सर्व मार्कर तपासून झाले असतील तर हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि म्हणूनही बायोप्सीवरील आयएचसी टाळून थेट शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग मला पटत नाही.

दुसरी पायरी: आधी ग्रेड पाहा

आयएचसीचा कागद वाचण्यापूर्वी पहिल्या कागदावरील ग्रेड शोधावी. तिला नॉटिंगहॅम ग्रेड म्हणतात; भारतातील बऱ्याच रिपोर्टवर ती मॉडिफाइड ब्लूम-रिचर्डसन या नावाने येते. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात: पेशी नळीसारखी रचना कितपत राखून आहेत, केंद्रके किती ओबडधोबड झाली आहेत आणि ठरावीक क्षेत्रात विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसतात. गुणांची बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ किंवा ७ असेल तर ग्रेड २ आणि ८ किंवा ९ असेल तर ग्रेड ३.

यातील तिसरा घटक, म्हणजे विभाजनाची मोजणी, हा पेशींच्या वाढीचा वेग मोजण्याचा सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग आहे. त्याला वेगळे रसायन लागत नाही, नेहमीची गुलाबी-जांभळी स्लाइड पुरते. पुढे केआय-६७ चा आकडा येईल तेव्हा तो या गुणाशी जुळतो का, हे पाहायचे आहे. म्हणून हा गुण आणि एकूण ग्रेड कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवावी.

तिसरी पायरी: ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर

स्तनाचा कर्करोग आणि बीजांडकोश यांचा संबंध आहे, हे इस्ट्रोजेनचा शोध लागण्याआधीच लक्षात आले होते. जॉर्ज बीटसन या स्कॉटिश सर्जननी १८९६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, बीजांडकोश काढल्यावर वाढलेला स्तनाचा कर्करोग ओसरल्याचे नोंदवले होते. मात्र हा उपाय काहींना लागू पडे आणि काहींना नाही. त्याचा उलगडा व्हायला अर्धे शतक उलटले. शिकागोमध्ये एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण लावलेले इस्ट्रोजेन वापरून दाखवले की विशिष्ट ऊतींच्या पेशींमध्ये हे संप्रेरक पकडून ठेवणारे प्रथिन असते. तेच प्रथिन म्हणजे ईआर. ते पेशीच्या केंद्रकात असते आणि इस्ट्रोजेन जोडले गेले की वाढीशी संबंधित जनुकांना चालना देते.

आयएचसीमध्ये ऊतीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप स्लाइडवर घेतात, ईआरला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्यावर सोडतात आणि ते जिथे चिकटले तिथे तपकिरी रंग उमटवतात. उरलेली केंद्रके निळी दिसतात. कर्करोगाच्या किती टक्के केंद्रकांवर तपकिरी रंग आहे आणि तो फिका, मध्यम की गडद आहे, या दोन्ही गोष्टी रिपोर्टवर असायला हव्यात. नुसते 'पॉझिटिव्ह' लिहून सोडलेला रिपोर्ट अपुरा समजावा आणि टक्केवारी मागून घ्यावी.

२०१० पासून १ टक्का किंवा त्याहून अधिक पेशी रंगलेल्या असतील तर ईआर पॉझिटिव्ह मानतात. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यात भर घातली आणि १ ते १० टक्के या गटाला 'ईआर लो पॉझिटिव्ह' असे स्वतंत्र नाव दिले. या गटातील अनेक गाठी स्वभावाने ईआर निगेटिव्ह गाठींच्या जवळ जातात, तरी हार्मोन उपचारांचा त्यांना काही फायदा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. ५ टक्के आणि ९५ टक्के या दोन्हींपुढे एकच 'पॉझिटिव्ह' हा शब्द छापला जातो, म्हणून त्या शब्दावर थांबू नये.

भारतातील अनेक लॅब ऑलरेड स्कोअर देतात, तो समजून घेणे अवघड नाही. रंगलेल्या पेशींच्या प्रमाणाला ० ते ५ गुण असतात. शंभरात एकापेक्षा कमी पेशी असल्यास १, शंभरात एक ते दहात एक असल्यास २, त्यापुढे एक तृतीयांशपर्यंत ३, दोन तृतीयांशपर्यंत ४ आणि त्याहून अधिक असल्यास ५. रंगाच्या गडदपणाला ० ते ३ गुण असतात. दोन्हींची बेरीज म्हणजे स्कोअर, आणि तो ३ किंवा अधिक असल्यास पॉझिटिव्ह. ९० टक्के पेशी गडद रंगल्या असतील तर ५ अधिक ३ असे ८, आणि ५ टक्के पेशी फिक्या रंगल्या असतील तर २ अधिक १ असे ३. रिपोर्टवरील टक्केवारी आणि स्कोअर हा हिशेब घरबसल्या ताडून पाहता येतो. तो जुळत नसेल तर लॅबला विचारण्यास संकोच करू नये.

ईआर निगेटिव्ह आला तर 'इंटर्नल कंट्रोल'चा उल्लेख शोधावा. कर्करोगाशेजारी असलेल्या निरोगी दुग्धनलिकांमधील काही पेशी ईआर बाळगून असतातच. त्या रंगल्या आणि कर्करोगाच्या पेशी रंगल्या नाहीत, तर निगेटिव्ह निकालावर विश्वास ठेवता येतो. निरोगी पेशीही कोऱ्या राहिल्या असतील तर रंगवण्याची प्रक्रिया किंवा नमुन्याची जपणूक यांत दोष असण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी चाचणी दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा करून घेणे योग्य ठरते.

चौथी पायरी: पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर

पीआर तयार होण्यासाठी बहुतांशी ईआर कार्यरत असावा लागतो. ईआर जी जनुके चालू करतो त्यांत पीआरचे जनुकही आहे, त्यामुळे पीआर भरपूर असणे ही ईआर केवळ हजर नसून काम करत असल्याची खूण मानली जाते. ईआर पॉझिटिव्ह आणि पीआर निगेटिव्ह असे चित्र बऱ्याच रुग्णांत दिसते. हार्मोन उपचार त्यांनाही दिले जातात, मात्र अशा गाठी सरासरीने थोड्या अधिक आक्रमक असतात, आणि पीआर २० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास तज्ज्ञ ती बाब हिशेबात घेतात. याच्या उलट, ईआर निगेटिव्ह आणि पीआर पॉझिटिव्ह हे चित्र अतिशय विरळ आहे. तसा रिपोर्ट आला तर ईआरची चाचणी पुन्हा करून पाहावी, अशी विनंती करणे रास्त आहे.

पाचवी पायरी: हर-२

ईआर आणि पीआर केंद्रकात असतात, हर-२ हे पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन मात्र पेशीच्या आवरणावर असते, म्हणून त्याची गणती वेगळी. ०, १+, २+ आणि ३+ अशा चार पायऱ्या असतात. १० टक्क्यांहून अधिक पेशींचे आवरण सर्व बाजूंनी गडद रंगले असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ हे निगेटिव्ह धरतात. २+ म्हणजे अनिर्णित. 'थोडेसे पॉझिटिव्ह' असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी फिश ही तपासणी करावी लागते. तिच्यात क्रमांक १७ च्या गुणसूत्रावरील हर-२ जनुकाच्या प्रती मोजतात. गुणसूत्राच्या खुणेशी असलेले प्रमाण २ किंवा अधिक आणि प्रत्येक पेशीत सरासरी ४ किंवा अधिक प्रती असतील तर निकाल पॉझिटिव्ह असतो.

फिशचा खर्च वेगळा असल्याने ती लांबणीवर टाकण्याचा मोह होतो, पण तिच्यावाचून पुढे जाऊ नये. हर-२ पॉझिटिव्ह कर्करोग एके काळी अतिशय भयावह मानला जाई. हर-२ वर नेमका मारा करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाल्यानंतर हे चित्र पालटले, आणि २०१४ पासून या औषधाची भारतीय कंपनीने बनवलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी, आवृत्तीही आपल्याकडे उपलब्ध आहे. फिश न केल्यामुळे या औषधाला मुकणे हे मोठे नुकसान आहे. १+ आणि फिश निगेटिव्ह २+ यांना आता 'हर-२ लो' म्हणतात. पसरलेल्या कर्करोगात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाचा अशा रुग्णांना फायदा होतो हे २०२२ साली दिसून आले, त्यामुळे ० आणि १+ यांतील फरकही आता नोंद ठेवण्याजोगा झाला आहे.

सहावी पायरी: केआय-६७

आता त्या आकड्याकडे वळू. १९८३ साली जर्मनीतील कील शहरात योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रतिपिंड शोधले, जे केवळ वाढीच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकांना चिकटत होते. विभाजनाची तयारी करणारी, डीएनएची प्रत काढणारी आणि प्रत्यक्ष दुभंगणारी अशी प्रत्येक पेशी हे प्रथिन बाळगते. विश्रांतीत गेलेल्या पेशीत ते नसते. विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर पसरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, हे कार्य अलीकडच्या काळात उलगडले. सुरुवातीला ही चाचणी केवळ गोठवलेल्या ताज्या ऊतीवर होत असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी एमआयबी-१ हे प्रतिपिंड आले आणि मेणाच्या ब्लॉकमधील, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या, जुन्या ऊतीवरही ती शक्य झाली, तेव्हापासून ती जगभर पसरली.

केआय-६७ २५ टक्के म्हणजे मोजलेल्या कर्करोगाच्या पेशींपैकी चौथा हिस्सा त्या क्षणी वाढीच्या चक्रात होता. कर्करोग शरीरात २५ टक्के पसरला आहे, किंवा बरे होण्याची शक्यता ७५ टक्के आहे, असे अर्थ लावणारे नातेवाईक भेटतात. यांपैकी एकही अर्थ खरा नाही. पेशी चक्रात आहे एवढेच हा आकडा सांगतो, ती ते चक्र किती तासांत पूर्ण करते हेही त्यातून कळत नाही.

हा आकडा डळमळीत का असतो, हे समजले तर पुष्कळ अस्वस्थता कमी होईल. एकाच गाठीच्या निरनिराळ्या भागांत वाढीचा वेग निराळा असतो. काही पॅथॉलॉजिस्ट सर्वाधिक रंगलेला भाग, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात, तो निवडून मोजतात. काही संपूर्ण गाठीची सरासरी काढतात. शेताच्या एका कोपऱ्यात दाटून आलेले पीक पाहून सगळ्या शेताचा उतारा सांगितला तर जशी गफलत होईल, तशीच हॉटस्पॉटचा आकडा आणि सरासरीचा आकडा यांची तुलना केल्याने होते. दुसरे कारण मोजलेल्या पेशींच्या संख्येचे आहे. या विषयावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०११ साली शक्यतो १००० आणि निदान ५०० पेशी मोजाव्यात असे सुचवले होते. गाठीतील खरे प्रमाण २० टक्के असेल आणि १०० च पेशी मोजल्या, तर केवळ योगायोगाने आकडा १२ ते २८ यांमध्ये कुठेही येऊ शकतो. ५०० मोजल्या तर ही शक्यता साधारण १६ ते २४ इतकी आवळली जाते. तिसरे कारण म्हणजे गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशी. त्याही वाढीच्या चक्रात असतात आणि रंगतात, त्यांना मोजणीतून वगळण्यासाठी सराव लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जायला झालेला उशीरही या आकड्याला झळ पोहोचवतो.

म्हणून अमुक टक्क्याला रेघ मारावी, याबाबत तज्ज्ञांचेही एकमत टिकलेले नाही. सेंट गॅलन येथील तज्ज्ञ परिषदेने २०११ मध्ये १४ टक्के ही सीमा घेतली आणि २०१३ मध्ये बहुसंख्य तज्ज्ञांनी २० टक्क्यांच्या बाजूने कौल दिला. आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२१ मध्ये घेतलेली भूमिका मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि लवकर सापडलेल्या कर्करोगात ५ टक्के किंवा त्याहून कमी आकडा असेल तर तो कमी समजावा, ३० टक्के किंवा अधिक असेल तर जास्त समजावा, आणि मधल्या पट्ट्यात केवळ या आकड्यावर केमोथेरपीचा निर्णय घेऊ नये, असा त्या भूमिकेचा आशय आहे. एका लॅबने १८ आणि दुसऱ्या लॅबने २३ सांगितले म्हणजे कोणाची तरी चूक झाली किंवा रोग वाढला असे नव्हे. दोन्ही आकडे त्याच मधल्या पट्ट्यातले आहेत.

मधल्या पट्ट्यातील रुग्णासाठी जनुकीय चाचण्यांचा पर्याय असतो. ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी २१ जनुकांची हालचाल मोजते, त्यांत केआय-६७ चे जनुकही आहे. २०१८ साली जाहीर झालेल्या टेलरएक्स या मोठ्या अभ्यासात, काखेतील ग्रंथींमध्ये रोग न पोहोचलेल्या अशा रुग्णांमध्ये या चाचणीचा स्कोअर ११ ते २५ असताना एकूण विचार करता हार्मोन उपचारांना केमोथेरपी जोडून जास्तीचा लाभ झाला नाही. ५० वर्षांपर्यंतच्या स्त्रियांमध्ये १६ पासून पुढे काही लाभ दिसला. बंगळुरूमध्ये विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी पाच प्रथिनांवर आधारलेली आहे. दोन्ही चाचण्या ईआर निगेटिव्ह किंवा हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांसाठी नाहीत.

केआय-६७ चा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा उपयोग मात्र वेगळाच आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या ईआर पॉझिटिव्ह रुग्णांना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे हार्मोनची गोळी देऊन आकडा पुन्हा मोजला, तर तो १० टक्क्यांखाली उतरणाऱ्यांची पुढील वाटचाल न उतरणाऱ्यांपेक्षा बरीच चांगली असते, हे ब्रिटनमधील पोएटिक अभ्यासातून दिसले. एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा औषधानंतर तो किती बदलला, हे रोगाच्या स्वभावाबद्दल अधिक सांगून जाते. शस्त्रक्रियेची तारीख मिळायला वेळ लागणार असेल तर ही शक्यता आपल्या तज्ज्ञांना जरूर विचारावी.

सातवी पायरी: चारही आकडे शेजारी ठेवा

समजा, एका रुग्णाची ग्रेड १ आहे, ईआर ऑलरेड ८, पीआर ७, हर-२ १+ आणि केआय-६७ ८ टक्के आहे. सगळे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात. हा ल्युमिनल ए प्रकाराशी मिळताजुळता, हळू वाढणारा आणि हार्मोनवर पोसलेला कर्करोग आहे. दुसऱ्या रुग्णाची ग्रेड ३, ईआर ६० टक्के मध्यम, पीआर ५ टक्के, हर-२ शून्य आणि केआय-६७ ४० टक्के असेल तर तो ल्युमिनल बी कडे झुकतो. हार्मोन उपचार तर हवेतच, पण केमोथेरपीचा विचारही गांभीर्याने होतो. तिसऱ्या रुग्णाची ग्रेड ३, ईआर आणि पीआर शून्य, केआय-६७ ७० टक्के आणि हर-२ २+ आहे असे धरू. घरी अनेकदा याला लगेच ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-२ तिन्ही निगेटिव्ह असलेला कर्करोग, म्हटले जाते. फिशचा निकाल येईपर्यंत तसे म्हणता येत नाही, आणि तो पॉझिटिव्ह आला तर उपचार पूर्णपणे बदलतात.

खरोखर ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या कर्करोगाचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. अशा रुग्णांनी बीआरसीए जनुकांच्या, म्हणजे ज्यांतील दोष आनुवंशिक कर्करोगाला कारण ठरतो त्या जनुकांच्या, तपासणीबद्दल विचारावे, कारण तिचा निकाल रुग्णाच्या उपचारांसाठी जितका मोलाचा, तितकाच बहिणी आणि मुलींसाठीही. या प्रकारात केआय-६७ जवळजवळ नेहमीच उंच असतो, त्यामुळे तो पाहून वेगळी धास्ती घेण्याचे कारण नाही. वेगाने विभाजित होणाऱ्या पेशी केमोथेरपीला अधिक प्रमाणात बळीही पडतात.

आता विसंगतीकडे पाहू, कारण रिपोर्ट वाचायला शिकण्याचा खरा उपयोग इथे होतो. ग्रेड १ आणि ईआर शून्य. लोब्युलर किंवा म्युसिनस प्रकारचा, म्हणजे सहसा ईआर पॉझिटिव्ह असणारा, कर्करोग आणि ईआर शून्य. विभाजनाच्या मोजणीला १ गुण आणि केआय-६७ ६० टक्के. ग्रेड ३ आणि केआय-६७ ३ टक्के. अशा जोड्या क्वचित खऱ्या असतात, बहुतेक वेळा त्या नमुन्यातील, रंगवण्यातील किंवा टंकलेखनातील दोषाकडे बोट दाखवतात. अशा वेळी 'ग्रेड आणि मार्कर एकमेकांशी जुळतात का, आणि जुळत नसतील तर स्लाइड पुन्हा पाहता येतील का' एवढे एकच वाक्य विचारावे. चांगले पॅथॉलॉजिस्ट या प्रश्नाने दुखावत नाहीत. रिपोर्ट देताना त्यांनी स्वतःलाही तोच प्रश्न विचारलेला असतो.

आठवी पायरी: उपचारांच्या चर्चेला जाताना

हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेन किंवा शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याला अडवणाऱ्या अरोमाटेज इनहिबिटर गटातील लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल अशा गोळ्यांची चर्चा होईल. त्या किमान ५ वर्षे आणि काहींना त्याहून अधिक काळ रोज घ्याव्या लागतात. पाच वर्षे घेतलेल्या टॅमॉक्सिफेनमुळे ईआर पॉझिटिव्ह रुग्णांमधील या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. केमोथेरपीच्या मानाने ही गोळी किरकोळ भासते, आणि गरम वाफा, सांधेदुखी यांना कंटाळून ती मध्येच परस्पर बंद केली जाते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. पण स्वतःहून थांबवू नये.

पाळी सुरू असलेल्या स्त्रीमध्ये अरोमाटेज इनहिबिटर एकटे काम करत नाही, त्याच्या जोडीला बीजांडकोशांचे कार्य थांबवावे लागते. केमोथेरपीमुळे पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती आलीच असे नसते, त्यामुळे चाळिशीतल्या रुग्णाला ही गोळी लिहून दिली असेल तर बीजांडकोशांबद्दल स्पष्ट विचारावे. या गोळ्यांनी हाडे विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केव्हा करायचा हेही विचारून घ्यावे. टॅमॉक्सिफेन घेताना योनिमार्गातून अनपेक्षित रक्तस्राव झाला तर लगेच दाखवावे, आणि नैराश्यावरील काही औषधे, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन व फ्लुओक्सेटिन, तिचा परिणाम घटवू शकतात, म्हणून चालू असलेली सर्व औषधे तज्ज्ञांच्या नजरेखालून घालावीत.

नववी पायरी: ब्लॉक सांभाळा

रिपोर्टच्या कागदापेक्षा मेणाचा ब्लॉक अधिक मोलाचा आहे. त्यात रुग्णाची ऊती वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यावर नव्या तपासण्या करता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात दुसरे मत घ्यायचे असेल तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. मूळ स्लाइड आणि ब्लॉक सोबत न्यावे लागतात. ते लॅबकडून लेखी अर्ज देऊन मिळतात. घेताना ब्लॉकवरील क्रमांक आणि रिपोर्टवरील क्रमांक एकच आहे याची खात्री करावी आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत ब्लॉक ठेवू नये, मेण वितळते. केआय-६७ पुन्हा तपासायचे असेल तर पूर्वी कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइडपेक्षा ब्लॉकमधून ताजा काप घ्यावा, कारण हवेत राहिलेल्या कापांची रंग घेण्याची क्षमता काळागणिक घटते.

काही वर्षांनी रोग यकृतात, फुप्फुसात किंवा हाडात पुन्हा दिसला तर शक्य तेथे नव्या जागेची बायोप्सी करून ईआर, पीआर आणि हर-२ पुन्हा तपासावेत. जुने रिसेप्टर तसेच राहतील याची शाश्वती नसते, विशेषतः पीआर अधिक वेळा बदलतो. हाडातील बायोप्सी असेल तर ऊती मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल न वापरता ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावे, अशी विनंती नमुना पाठवतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यावी, कारण आम्लाने रिसेप्टरची रंग घेण्याची क्षमता नष्ट होऊ शकते आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो.